बाहीचं बटण

३ फेब्रुवारी

विहीणबाई चष्मेवाली,

आधी मनगटाचं सांग, मग बाकीचं. डिसेंबरात मुरगळलेलं मनगट फेब्रुवारी उजाडला तरी बरं होत नाही म्हणजे काय? वरच्या मजल्यावरची मास्तरीण तुझी पत्रं लिहून देते, भलं होवो तिचं. पण आपण कोण ते तिला ठाऊक नसणार, म्हणून हे तिच्यासाठी. मास्तरीणबाई, ही बाई आणि मी शर्टांच्या एकाच कारखान्यात सत्तावीस वर्षं काढली. ती काज-बटणाला, मी इस्त्रीला. तिला सगळे चष्मेवाली म्हणत आणि मला वाफ. का ते तुम्ही ओळखा. पुढे तिच्या लेकीनं माझ्या लेकाला पसंत केलं. का, ते मला अजून ओळखता आलेलं नाही. लेक जहाजावर, नात वसतिगृहात, घरी आम्ही दोघी सासू-सुना. मला अक्षरओळख नाही. मी बोलते, सून लिहिते. फोन आहे, पण फोनवर आम्ही विहिणी एकाच वेळी बोलतो आणि ऐकायला कुणी उरत नाही. पत्रात निदान मधे तोंड घालता येत नाही.

(येतं. आई, परीक्षेचा अर्ज भरला. अठरा एप्रिल. – तुझी लेक)

काय खरडलंस गं मधेच? परीक्षेचं? बरं. ते लिहायलाच हवं होतं. दिवसभर दवाखान्यात लोकांच्या कवळ्या घासते आणि घरी येऊन कवळ्या बनवायच्या पुस्तकात डोकं घालते.

आता मुद्दा. परवाच्या गुरुवारची मालिका बघितलीस ना? मास्तरीणबाई, तुमच्या शिकवणीची तीच वेळ, तेव्हा थोडक्यात सांगते. एक नदी. अलीकडे डॉक्टरीण राहते, पलीकडे तिचं मुडदे तपासायचं काम. एकच नावाडी तिला रोज नेतो-आणतो. तिच्या धाकट्या बहिणीचा खून झालाय आणि तो यानंच केला असं निम्म्या गावाला वाटतं. तिलाही वाटतं. पिशवीत सुरी बाळगते. तरी रोज त्याच्याच नावेत जाऊन बसते. आता हे प्रेम की पाळत, यावर आमच्या रस्त्यात उभी फूट पडलीय. कोपऱ्यावरचा चावीवाला म्हणतो, ती त्याला पकडून देणार. मी म्हणते, तिचा जीव जडलाय आणि म्हणूनच तिची झोप उडालीय. दवाखान्यात तर आ वासून खुर्चीत पडलेली माणसंसुद्धा हातवारे करून वाद घालतात.

त्या नावेतल्या तीन मिनिटांबद्दल तुझं मत कळव. माझं आधी सांगत नाही, नाहीतर तू मुद्दाम उलटं बोलशील. सुनेलाही बोलले नाही, ती बघतच नाही. पण तू त्यावर चार पानं लिहिशील याची मला खात्री आहे.

तुझी,
वाफ

११ फेब्रुवारी

वाफे,

चार पानं? चार ओळी पुरतात. त्या तीन मिनिटांत काहीही झालं नाही. वल्ही आणि पाणी, पाणी आणि वल्ही. लेखकाला सुचेनासं झालं की असा वेळ काढतात. तुझ्या रस्त्याला दुसरा उद्योग नाही.

प्रेमबिम काही नाही. तिचा आवाज ऐक कधीतरी. नावेत बसताना ती 'चला' म्हणते. पहिल्या भागात तो 'चला' शेजाऱ्याला म्हणावा तसा होता. आता त्याला धार आलीय. जीव जडलेली बाई असं बोलत नाही. आणि मागे तू लिहिलं होतंस की ती त्याचं पत्र छातीशी धरून बसते. अगं, ते पत्र नव्हेच! बहिणीचं प्रेत तपासल्याचा अहवाल आहे तो. कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत तसं लिहिलंय. मास्तरीणबाईंनी पेपरातला लेख वाचून दाखवला, त्यात आलंय. कागद दिसला की तुला प्रेमपत्रच वाटतं. कारखान्यात पगाराच्या पाकिटालाही तू तशीच लाजायचीस.

मनगट होईल बरं. घाई नाही.

लेकी, तुझ्या दोन ओळींनी बरं वाटलं. दहा वर्षांपूर्वी बाबा अंथरुणाला खिळले आणि तू हीच परीक्षा अर्ध्यावर टाकून इकडे धावलीस. मी अडवलं नाही, ती माझी चूक. या खेपेला आभाळ कोसळलं तरी पुस्तक खाली ठेवायचं नाही.

चष्मेवाली

१८ फेब्रुवारी

विहीणबाई,

अहवाल तर अहवाल. पण अहवाल कुणी असा छातीशी धरतं का? मला अक्षरं वाचता येत नाहीत, तोंडं येतात. ते असो, तू जिंकलीस. मी हरल्याचं सून मोठ्या अक्षरांत लिहितेय आणि हसतेय.

एकच विचारायचंय. या गुरुवारी त्या नावाड्यानं दाढी सफाचट केली. मला तर क्षणभर ओळखूच आला नाही. तुला कसा वाटला? तुझं त्याच्याबद्दलचं मत एवढं वाईट, चेहरा उघडा पडल्यावर काही फरक पडला का?

बाकी सगळं ठीक. सून रोज पहाटे उठून अभ्यास करते. मी तिच्यासाठी चहा करते आणि पुस्तकातल्या जबड्यांची चित्रं बघते. आपल्या कारखान्यातल्या मुकादमाचा जबडा त्यात आहे.

वाफ

२५ फेब्रुवारी

वाफे,

दाढी काढली ते उत्तम केलं. खुनी असला तरी माणसानं नीटनेटकं असावं. पण वय एकदम कमी दिसायला लागलं, नाही का? त्यानं तुझ्यासारख्या भोळ्या बायका आणखी फसणार. माझं मत होतं तेच आहे.

मुकादमाच्या जबड्याचं वाचून मास्तरीणबाई इतक्या हसल्या की शाई सांडली.

चष्मेवाली

४ मार्च

चष्मेवाले,

हे पत्र सुनेनं लिहिलेलं नाही. कोपऱ्यावरच्या चावीवाल्याच्या दुकानात स्टुलावर बसून सांगतेय. त्याचं अक्षर कसं आहे ते मला कळत नाही, पण चावी सरळ कापतो.

नावाड्यानं दाढी काढलेली नाही. काल होती तेवढीच आज आहे, छातीपर्यंत. मी खोटं बोलले आणि तू त्या खोट्याला नीटनेटकं म्हणालीस.

आता ती तीन मिनिटं. नाव मधोमध येते. वाऱ्यानं त्याची बाही वर सरकते आणि मनगटावर ओरखडे दिसतात, नखांचे. बहिणीच्या नखांत कुणाचं तरी कातडं सापडलं होतं, हे तू ऐकलेलं आहेस. डॉक्टरीण ते ओरखडे बघते. तो वल्हं थांबवतो. आणि ती पुढे वाकून त्याची बाही खाली ओढते आणि बटण लावते. ओरखड्यांवर. सबंध रस्ता महिनाभर त्या एका बटणावर भांडतोय. आणि काज-बटणात सत्तावीस वर्षं घालवलेली बाई मला लिहिते, काहीही झालं नाही! दुसऱ्याच्या लग्नात नवरदेवाच्या कोटाचं काज उसवलेलं पाहून जेवण सोडून उठणारी तू!

शिवाय मनगट मुरगळलं तर लिहिता येणार नाही, कबूल. पेपर वाचून दाखवायला मास्तरीण कशाला लागते? मनगटानं वाचतेस का?

मला काय वाटतं ते मी बोलत नाही. तू बोल. तुझ्या लेकीसमोर हे विचारलं असतं तर तिनं त्याच दिवशी पुस्तक मिटलं असतं, म्हणून ही वाकडी वाट. उत्तर या दुकानाच्या पत्त्यावर पाठव. आठ दिवसांत आलं नाही, तर मी सुनेला सगळं सांगेन. धमकी समज, प्रेम समज, तुझ्या मर्जीवर.

वाफ

(मी चावीवाला. माझा यात काहीही संबंध नाही. पण ती त्याला पकडणारच, एवढं लिहून ठेवा.)

१२ मार्च

वाफे,

जिंकलीस. पुरे झालं?

मी मालिका ऐकते. ऑगस्टपासून. डाव्या डोळ्यानं खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच कळतं. उजव्यासमोर दुधाळ काच धरल्यासारखं आहे. मोतीबिंदू होता, तो मी पिकू दिला. आता डॉक्टर म्हणतात की फार पिकलाय, त्यामुळे डोळ्यात दाब वाढतोय. डावा त्यातच गेल्यासारखा आहे. उजवा मार्चअखेरपर्यंत केला तर वाचेल. त्यानंतर त्यांनी शब्द दिलेला नाही. दोनदा तारीख घेतली आणि दोनदा रद्द केली. आताची अठ्ठावीस मार्चची आहे. तीही रद्द करणार आहे.

कारण तुला माहीत आहे. सोबत घरचं माणूस हवं म्हणतात. टेबलावर चढवताना, आणि मग तीन-चार आठवडे दिवसातून सहादा थेंब घालायला. मास्तरीणबाईंची शाळा असते. मला घरचं माणूस एकच. तिला कळलं की ती पहिल्या बसनं इकडे येईल आणि परीक्षा पुन्हा बुडेल. या खेपेला तिचं वय एक्केचाळीस आहे. पुढच्या खेपेला ती अर्जच भरणार नाही, मी ओळखते तिला. एका डोळ्यापायी मी तिचं आयुष्य दोनदा अडवणार नाही. एप्रिलनंतर बघू. डॉक्टर घाबरवायला तारखा सांगतात.

मनगटाला काहीही झालेलं नाही. ते बापडं उगाच बदनाम झालं.

बटणाचं मात्र मनाला लागलं. मला वल्ह्यांच्या आवाजात मधेच खंड ऐकू आला होता. वाटलं, तो दमला. कुठल्या हातानं लावलं तिनं? काज आडवं होतं की उभं?

लेकीला सांगणार नाहीस. शपथ आहे तुला.

चष्मेवाली

१७ मार्च

प्रिय आई,

हे पत्र मावशींना न सांगता लिहितेय. फोनवर बोलता येत नाही, त्या शेजारीच असतात. पत्र तुला मास्तरीणबाई वाचून दाखवत असतील तर त्यांना आधीच सांगते, सासूबाईंना मी मावशी म्हणते, आणि हे कुणाजवळ बोलू नका. मनगट अजून तसंच आहे का?

मावशींचं काहीतरी चाललंय. त्या रोज संध्याकाळी चावीवाल्याच्या दुकानात जाऊन बसतात. आमच्या दाराला एक कुलूप आणि त्याच्या तीन चाव्या, त्यातली एकही हरवलेली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "मालिकेवर चर्चा करतो." परवा त्या परत आल्या तेव्हा हातात एक पाकीट होतं. मला बघून त्यांनी ते पदरात लपवलं. बहात्तर वर्षांची बाई पदरात पाकीट लपवते! आमच्या रस्त्यावरची इस्त्रीवाली बाई मला थांबवून विचारते, "तुमच्या सासूबाईंचं आणि त्यांचं नक्की काय आहे?" तिच्या दुकानात दोन तट आहेत म्हणे. एक म्हणतो नुसती मैत्री, दुसरा म्हणतो ते एकमेकांकडे बघतात कसे ते बघा. चावीवाला विधुर आहे. सज्जन आहे. पण आई, त्यांना अक्षर वाचता येत नाही आणि त्यांच्या नावानं पत्रं यायला लागलीत, ती वाचून दाखवतो तोच. उद्या कशावर अंगठा घेईल कोण जाणे.

तू त्यांना पन्नास वर्षं ओळखतेस. मी काय करू? अभ्यासात लक्ष लागत नाही.

तुझी लेक

२० मार्च

चष्मेवाले,

मी येतेय. सव्वीसला संध्याकाळच्या बसनं. अठ्ठावीसला टेबलावर तू चढायचंस आणि बाहेरच्या बाकावर मी बसायचं. हे विचारायला लिहीत नाही, कळवायला लिहितेय.

घरचं माणूस हवं ना? मी काय रस्त्यावरची आहे? तुझी लेक माझ्या घरात, माझी नात तुझ्या नाकाची. सहादा थेंब घालायचे तर बाटल्यांवरची नावं वाचायला नकोत, झाकणांचे रंग पुरेत. सत्तावीस वर्षं मी कापडाला हात लावून इस्त्रीची आच ठरवली आणि एक कॉलर जाळली नाही. डोळ्यात थेंब घालता येणार नाही?

बस मी ओळखणार कशी, असं म्हणशील. चावीवाला बसवून देणार आहे, आणि तुझं गाव शेवटचा थांबा आहे. शेवटचा थांबा वाचावा लागत नाही, सगळे उतरतात.

आता तुझ्या शपथेचं. पाळते, अठरा एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत. त्यानंतर मी स्वतः तिला सांगेन आणि ती जे बोलेल ते ऐकून घेईन. तू टेबलावर चढलीस तर शपथ लागू. चढली नाहीस तर त्याच दवाखान्याच्या दारातून तिला फोन करेन. मोठ्यांदा.

आणि एक कडू सांगते. तू लेकीच्या परीक्षेआड दडून बसलीयस. ऑगस्टात कुठे होता अर्ज? तो फेब्रुवारीत भरला. तेव्हापासून तुला कारण मिळालं, भीती त्याच्या आधीची आहे. तुझ्या नवऱ्याला शेवटी दवाखान्यात नेलं आणि तो परत आला नाही, म्हणून तुला त्या पायऱ्याच चढायच्या नाहीत. मला ठाऊक आहे. तूही ओरखड्यावर बाही ओढून बटण लावून बसलीस. त्या डॉक्टरणीला मी माफ करते कारण ती पडद्यावर आहे.

घरी मी काय सांगितलंय? की विहिणीशी मालिकेवरून भांडायला चालले आहे, समोरासमोर, महिनाभर. सुनेला पटलं नाही. पण तिचा चेहरा असा सुटल्यासारखा झाला, जणू मी परदेशी चाललेय आणि कुणीतरी मागे राहतंय. काय ते तिचं तिला माहीत.

वाफ

(बसचं तिकीट मी काढलंय. त्या ऐकत नाहीत. बाई, तुम्ही टेबलावर चढा. – चावीवाला)

२१ एप्रिल

मावशी आणि आई,

पेपर दिला. दोन्ही लेखी आणि कवळी बसवायची परीक्षाही. प्लास्टरचा साचा सुटताना तडकला नाही, म्हणजे बरं झालं असावं.

अठराच्या संध्याकाळी मावशींनी फोन केला, घसा साफ केला, आणि म्हणाल्या, "बस. काहीतरी सांगायचंय." मी म्हटलं, "पत्रानं सांगा, मी ऐकून घेणार नाही," आणि फोन ठेवला. रागानं नव्हे. मला सगळं सात एप्रिललाच कळलं होतं. फोनवर हे बोलायला गेले असते तर नुसती रडले असते, म्हणून लिहिते.

तुम्ही गेल्यावर मी चावीवाल्यांकडे गेले. सरळ विचारलं, "तुमचं आणि मावशींचं काय आहे? लग्नबिग्न करायचं असेल तर आमची हरकत नाही, पण चोरून नको." त्यांच्या हातातली कानस खाली पडली. कानांपर्यंत लाल झाले. म्हणाले, "मी शब्द दिलाय, बोलू शकत नाही." मी म्हटलं, मग सगळा रस्ता म्हणतो ते खरं. तेव्हा बिचाऱ्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि स्वतःची अब्रू वाचवायला तुम्हा दोघींची काढली. मोतीबिंदू, मनगट, दाढी, सगळं.

घरी येऊन मी बॅग भरली. एकदा. मग बसले. आई, इतका राग आला होता तुझा की डोळ्यांपुढे अंधार झाला, आणि मग वाटलं, अंधाराबद्दल बोलायचा हक्क मला नाही. अकरा दिवस उरले होते. शस्त्रक्रिया होऊन गेली होती. मी आले असते तर काय केलं असतं? मावशींच्या हातातली बाटली ओढून घेतली असती. तू माझ्या पुस्तकासाठी डोळा पणाला लावलास आणि मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं बस धरली. ते सगळं वाया घालवून मी तुझ्या उशाशी रडत बसले असते. मी बॅग रिकामी केली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारचा गजर लावला. चहा स्वतः केला. वाईट होता.

पण एक सांगून ठेवते, दोघींनाही. पुन्हा माझ्यासाठी काही लपवलंत तर मी दोघींच्या कवळ्या स्वतःच्या हातानं बनवेन, आणि घट्ट बनवेन. मला कळू दे आणि मला ठरवू दे. मी एक्केचाळीस वर्षांची आहे.

आता खरं सांगा. किती दिसतं?

तुमची लेक, तुमची सून

३० एप्रिल

सूनबाई,

खरं सांगते. हे पत्र मास्तरणीच्या हातचं नाही. अक्षर मोठं आहे, ओळ उजवीकडे वर चढतेय आणि मधे मधे लिहिणारी नाकावरचा नवा चष्मा सावरतेय. ती कोण, ते ओळख.

(मी. उजव्यानं पेपरातली ठळक अक्षरं वाचते. बारीक अजून नाही.)

मधे बोलू नकोस, लिही. सूनबाई, आधी तुझ्या फोन ठेवण्याबद्दल. त्या संध्याकाळी मी दोन तास त्या फोनकडे बघत बसले. घट्ट कवळीचं वाचून ही म्हणाली, पोरगी माझीच. मी म्हटलं, गेली अठरा वर्षं माझ्या हाताखाली आहे. निकाल आला की बघू कुणाची. पण तुला विचारून करायला हवं होतं, हे मला पटलंय. हिला पटलं नाही.

(पटलंय. वाफ सांगते तसं नाही.)

दवाखान्याचं म्हणशील तर, पायऱ्या अकरा होत्या. सातव्या पायरीवर ही थांबली आणि म्हणाली, घरी जाऊ. मी म्हटलं, जा, वाट दिसते का? मग चढली. ही आत गेल्यावर पाऊण तास मी बाकावर बसले होते. शेजारची बाई मला विचारत होती, त्या मालिकेतल्या दोघांचं काय होणार. मी तिला बोलण्यात गुंगवून ठेवलं, निवांत होते अगदी.

गेल्या रविवारी नावेतला भाग पुन्हा दाखवला. हिला समोर बसवलं, खुर्ची पडद्याजवळ ओढून. तो भाग आला आणि ही ओरडली, "थांबव!" टीव्ही काय थांबतो? पण हिनं जे बघितलं ते सबंध रस्त्यानं तीन महिने बघितलं नव्हतं. डॉक्टरीण बटण लावते ते एका हातानं, डाव्या. उजवा हात सबंध वेळ पिशवीत आहे. सुरीवर! आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. काज-बटणवाली हात बघते. चावीवाल्याला हे सांग. म्हणजे तोही बरोबर आणि मीही. तिचा जीव जडलाय आणि ती त्याला सोडणारही नाही. ही म्हणते, असं दोन्ही एकदम होत नाही. मी म्हटलं, पन्नास वर्षं मी तुझ्याशी काय करतेय?

पुढचं. डाव्या डोळ्याची तारीख नऊ मे. दिसेलच असं नाही, उजेड कळेल म्हणतात. तोही आम्ही करणार. तू रजा काढून ये, आता चोरीछुपी काही नाही. येताना माझी जाड साडी आण, इथला समुद्राचा वारा पहाटे बोचतो. संपलं माझं. लिहिलंस सगळं?

– वाफ

लेकी, ती बाहेर कठड्यावर कपडे वाळत घालायला गेली. आता माझं.

निवांत नव्हती. मास्तरीणबाई त्या दिवशी अर्ध्या सुटीत येऊन बघून गेल्या. त्या सांगतात, ही बाकावर बसून शेजारच्या बाईला मालिकेची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. शेवट दर वेळी वेगळा, आणि डोळ्यांना धार लागलेली. ती बाई घाबरून उठून गेली.

परवा नऊ मेच्या शस्त्रक्रियेचे कागद भरायला गेलो. जुना कागद वर लावलेला होता, मार्चमधला. तेव्हा मला दिसत नव्हता, आता वाचला. सोबतच्या माणसाचं रुग्णाशी नातं, असा रकाना आहे. कारकुनानं विचारलं असणार आणि ती सांगत गेली असणार. त्यात आधी 'मालकीण' लिहिलंय (माझी!), मग कारकुनानं ते खोडून वर 'विहीण', आणि खाली तिचा अंगठा. दोनदा उमटवलाय. पहिला हलला असावा.

नवा कागद मी स्वतः भरला. नाव, वय, पत्ता, सगळं माझ्या हातानं, नऊ महिन्यांनी. त्या रकान्यापाशी आले तेव्हा ती शेजारी उभी राहून विचारत होती, "काय लिहितेस? दाखव." दाखवून तिला काय कळणार होतं? मी 'मालकीण' लिहिलं. मोठ्या, सरळ अक्षरात. कारकून बघतच राहिला, पण या खेपेला त्याला खोडू दिलं नाही.

हे तिला वाचून दाखवू नकोस. डोक्यावर बसेल.

– आई